कोणता आवाज कोणाचा?

आवाज चांगला की वाईट हे कानाला विचारावे, त्यात यंत्राची साक्ष काढू नये, असे आम्ही पुष्कळ दिवस मानीत आलो होतो. हेमलकशाला गेल्यावर हा समज ढासळला, आणि तो ढासळताना आमच्या हातून एक ध्वनिमुद्रण कायमचे बिघडले. आजच्या विषयाला तोंड तेथूनच फोडलेले बरे. नाहीतर खिशात मावणारे हेडफोनचे ॲम्प्लिफायर कसे पारखावेत, हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असे श्रोत्यांना वाटायचे.

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यातले गाव. चंद्रपूरकडून आलापल्लीमार्गे सागवानाच्या जंगलातून जाणारा रस्ता भामरागडला पोहोचण्याच्या थोडा अलीकडे ते लागते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. बाबा आमटे यांनी १९७३ साली येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी तेथे दवाखाना आणि शाळा उभी केली, ही हकीकत आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही दोघे स्नेही २०१६ सालच्या नोव्हेंबरात तिकडे गेलो ते रेला गाणी ऐकायला, आणि गाणाऱ्यांची हरकत नसेल तर ती मुद्रित करून आणायला.

आमच्या मुद्रणयंत्राला हेडफोन लावायची जागा एकच होती आणि ऐकणारे आम्ही दोघे. म्हणून मध्ये एक छोटा ॲम्प्लिफायर घेतला होता. काड्यापेटीहून जरा मोठी डबी, आत बॅटरी, आणि दोन हेडफोन लावायची सोय. जवळच्या एका गावी रात्री शेकोटीपाशी बाया गायला उभ्या राहिल्या. सुरुवातीला एक म्हाताऱ्या बाई एकट्याच गात होत्या. हेडफोनमधून त्यांच्या आवाजामागे बारीक 'सूं' असा आवाज सारखा येत होता. मुद्रणाची पातळी कमी पडते आहे, असे आम्ही ठरवून टाकले आणि यंत्राची घुंडी पुढे सरकवली. मग ढोल सुरू झाला. आता ठोके फुटके ऐकू येऊ लागले. यावर आमचा निर्णय असा, की डबीची बॅटरी उतरत आली असणार. यंत्रावरचा लाल दिवा काय सांगतो आहे हे शेकोटीच्या उजेडात कोणी पाहिले नाही. कानावर भरवसा होता ना!

घरी येऊन ऐकतो तो प्रकार नेमका उलटा. मुद्रणात 'सूं' कोठेच नव्हते. ते डबीचे स्वतःचे होते. फुटके ठोके मात्र मुद्रणातलेच. पातळी वाढवल्यामुळे ढोलाच्या प्रत्येक ठोक्याचा माथा छाटला गेला होता, आणि छाटलेला माथा परत जोडता येत नाही. डबीचा दोष आम्ही मुद्रणावर घातला आणि मुद्रणाचा दोष डबीवर. त्या बाईंचे तेवढे एकच गाणे आमच्यापाशी आहे, आणि ढोलाच्या दर ठोक्याला ते फाटते.

तेव्हापासून ॲम्प्लिफायर 'गोड' आहे की 'उबदार', 'मोकळा' आहे की 'भारदस्त', असे प्रश्न आम्ही मागे टाकले आहेत. प्रश्न एकच: कानी येणाऱ्या आवाजात डबीचा स्वतःचा वाटा कोणता? तो ओळखता आला म्हणजे डबीची परीक्षा झाली.

या डबीचे काम तसे साधे. मुद्रणयंत्रातून किंवा मोबाइलमधून येणारी विजेची लहर क्षीण असते. हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ तिला द्यायचे, आणि देताना तिचा आकार बदलू द्यायचा नाही, इतकेच. १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि माणसे चालता-चालता हेडफोनने गाणी ऐकू लागली. पुढे चू मॉय नावाच्या अमेरिकेतील हौशी गृहस्थांनी एक सोपी मंडलरचना सर्वांसाठी खुली केली. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ती बसे, आणि जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून डाक देऊन तशा डब्या केल्या. आज बाजारात काही शेकड्यांपासून लाखापर्यंतचा माल मिळतो. किंमत पाहून आवाज ऐकणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आमचा वाद नाही.

प्रथम 'सूं' पाहू. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन व नायक्विस्ट यांनी दाखवून दिले, की कोणत्याही विद्युतरोधात निव्वळ उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते आणि तिचा एक विद्युत कोलाहल होतो. तो शून्य करता येत नाही. कानाला कळणार नाही इतका लहान मात्र करता येतो. तेव्हा डबी विकत घेताना हे करून पाहावे. मोबाइल किंवा मुद्रणयंत्र जोडलेले ठेवावे, पण गाणे थांबवावे. मग हेडफोन कानाला लावून डबीची घुंडी सावकाश फिरवावी. घुंडी कोठेही नेली तरी 'सूं' तेवढेच राहिले, तर बहुधा ते डबीच्याच पोटातले. घुंडीबरोबर वाढत गेले, तर वरून काहीतरी येते आहे अशी शंका घ्यावी. मग डबी काढून हेडफोन थेट मुद्रणयंत्राला लावावेत. तेथेही 'सूं' आले तर डबी निर्दोष. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. त्या रात्री आम्ही ती दोन मिनिटे खर्च केली नाहीत.

ही तपासणी मात्र शांत जागी करायला हवी. घरात पंखा चालू, खाली रस्ता वाहता, अशा वेळी डबीचे 'सूं' ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून ते नाहीच, असा समज होतो. जंगलात जाऊन ऐकावे म्हटले, तर जंगल शांत असते ही खास शहरी समजूत होय. पावसाळा संपल्यावर हेमलकशाच्या आसपास रात्रभर रातकिडे असे ओरडतात की बाजूच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागते. शिवाय रातकिड्यांचा स्वर उंच पट्टीतला आणि 'सूं'चा पुष्कळसा भागही त्याच पट्टीतला, त्यामुळे एक दुसऱ्याला झाकून टाकतो. दुसऱ्या खेपेला आम्ही २०१८ च्या जानेवारीत गेलो. कडाक्याच्या थंडीत किडे मुके झालेले. पहाटे तीनच्या सुमारास घोंगडी गुंडाळून बसलो, तेव्हा शांतता कशाला म्हणतात ते कळले. शहरात 'अगदी नितळ' म्हणून नावाजलेल्या एका डबीतून त्या पहाटे पिठाच्या चाळणीसारखा आवाज येत होता.

आता दुसरी फसगत. हिच्यात शहाणी माणसेही सापडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दोन डब्या एकामागून एक ऐकवल्या आणि दुसरीचा आवाज पहिलीपेक्षा एक डेसिबेलने मोठा असला, तर ऐकणारा 'ही मोठी वाजते' असे म्हणत नाही. 'ही चांगली वाजते' असे म्हणतो. 'सूर उघडा लागतो', 'तबला भरदार वाटतो', 'गायक समोर येऊन बसला', असली वर्णने बहुतेक या एका डेसिबेलातून निघतात. याला कारणही आहे. १९३३ साली फ्लेचर व मन्सन यांनी मोजून दाखवले, की आपला कान सर्व स्वरांना सारख्या मापाने दाद देत नाही. आवाज लहान असताना खर्जाकडचे स्वर त्याला फार मंद लागतात. आवाज वाढला की खर्ज वर येतो. म्हणजे नुसती घुंडी फिरवली तरी गाण्याचा बांधा बदलल्यासारखा वाटतो. दुकानदाराने तुलनेसाठी दोन डब्या पुढे ठेवल्या आणि घुंड्या स्वतःच लावून दिल्या, तर ती तुलना ऐकू नये.

यावर उपाय हजार रुपयांच्या आतला आहे. वीजतंत्र्याकडे असतो तसा एक मल्टिमीटर घ्यावा. ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून, हेडफोन जोडलेले असतानाच दोन्ही डब्यांच्या तोंडाशी व्होल्ट मोजावेत, आणि एक टक्क्याच्या आत सारखे करावेत. एक टक्का म्हणजे डेसिबेलचा दहावा भागही नव्हे. त्यात कान फसत नाही. हे केल्यावर आमच्याकडच्या डब्यांमधले निम्मे फरक जागच्या जागी नाहीसे झाले. त्यातल्या एका फरकावर आम्ही आठवडाभर भांडलो होतो, हे येथे कबूल करतो.

उरलेल्या फरकांसाठी डोळ्यांवर पदर घ्यावा लागतो. कोणती डबी वाजते आहे हे ठाऊक असले, की कान आधीच निकाल देऊन बसतो. इंग्लंडातील संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात एका बाईंची गोष्ट दिली आहे. कपात दूध आधी ओतले की चहा आधी, हे चवीवरून ओळखते, असे त्या म्हणत. फिशर यांनी आठ कप योजले, चार असे आणि चार तसे, क्रम न सांगता. निव्वळ अंदाजाने आठही बरोबर येण्याचा संभव सत्तरात एक. आवाजासाठी हीच रीत चालते. १९५० साली मन्सन व गार्डनर यांनी ती श्रवणाच्या परीक्षेला लावली: आधी 'अ' ऐकवायचा, मग 'ब', आणि तिसऱ्यांदा या दोहोंपैकी एक, तो कोणता ते ऐकणाऱ्याने सांगायचे. आम्ही चादरीच्या आडोशाने, नाणे उडवून, प्रत्येक जोडीला दहा वेळा हा खेळ केला. दहांत नऊ किंवा दहा उत्तरे निव्वळ दैवाने बरोबर येण्याचा संभव शंभरात साधारण एक असतो, म्हणून नऊ आली तर फरक खरा मानावा. सात आली तर छाती फुगवू नये. सात किंवा अधिक उत्तरे नाणे उडवूनही सहा खेपांतून एकदा मिळतात.

आमच्याजवळ चार डब्या होत्या. 'सूं' करणारी दहाही वेळा ओळखली गेली. 'गोड' म्हणून आमची लाडकी असलेली दुसरी नऊ वेळा. उरलेल्या दोघींत एकीची किंमत दुसरीच्या चौपट, आणि उत्तरे बरोबर आली सहा. महागडी डबी माझ्या स्नेह्याची होती. ते त्या दिवशी जेवताना फारसे बोलले नाहीत.

त्या 'गोड' डबीचे गुपित मात्र सांगण्यासारखे आहे, कारण त्यात कानाचा भ्रम नव्हता. फरक खरा होता. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी काही विद्युतरोध असतो. हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. पुष्कळ हेडफोनांत खर्जाकडे एके ठिकाणी तो चढतो. समजा, हेडफोन एरवी ३२ ओहमचा आहे आणि खर्जात त्याचा रोध ८० ओहम होतो. डबीच्या तोंडाशी २० ओहम असले, तर एरवीच्या स्वरांना विजेच्या दाबाचा ५२ पैकी ३२ भाग मिळतो आणि खर्जाला १०० पैकी ८०. हिशेब केला तर खर्ज सव्वादोन डेसिबेलने वर येतो. तोंडाशी एकच ओहम असता तर हाच फरक डेसिबेलच्या पाचव्या भागाहूनही कमी राहिला असता. म्हणजे डबीने मुद्रणात नसलेला ढोल आपल्या पदरचा घातला! घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला हा पाहुणचार आवडला तर त्याने जरूर घ्यावा. पण मुद्रण करणाऱ्याला तो घातक आहे. ढोल पुरेसा येतो आहे असे समजून तो मायक्रोफोन जवळ नेत नाही, आणि घरी आल्यावर ढोल पातळ निघतो. जाणकार असा ठोकताळा सांगतात, की डबीचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून अधिक नसावा. ३२ ओहमला चार. तीनशे ओहमच्या हेडफोनला मात्र २० ओहमची डबीही फारशी बाधत नाही. म्हणून 'ही डबी कशी वाजते?' या प्रश्नाला 'कोणत्या हेडफोनवर?' असे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही.

काय ऐकून पारखावे, असेही लोक विचारतात. आमचा अनुभव असा, की नुसता तंबोरा ऐकावा. मिरजेच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून हे काम नावारूपाला आणले. तेथल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर जवारी काढतो, तेव्हा त्याच्यापाशी कोणतेही मापक नसते. कानाने बारीक स्वर उमलताना ऐकत तो दोरा केसभर हलवतो. हा दोरा आणि ती रुंद घोडी यांमुळे तारेतून किती विलक्षण उपस्वर निघतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास अभ्यासून मांडले. तंबोऱ्यात खर्ज आहे, उंच उपस्वर आहेत, आणि त्यांचे विरत जाणे आहे. डबीचे 'सूं' असेल तर तार विरताना ते उघडे पडते. मात्र जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून घेतलेली गाणी या कामाला घेऊ नयेत. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे ऐकून तृप्त व्हावे. त्यातल्या खरखरीवरून डबीची जात ठरवू नये.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. घुंडी अगदी खाली असताना डावा-उजवा आवाज सारखा राहतो का पाहावे. एका मायक्रोफोनवर घेतलेले जुने गाणे डोक्याच्या बरोबर मध्यावर ऐकू आले पाहिजे. हलक्या घुंडीत ते एका कानाकडे सरकते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि उतरत आलेली असताना, अशी दोनदा परीक्षा घ्यावी. दाब उतरला की प्रथम मोठे ठोके बोथट होतात. गाण्याला काही होत नाही म्हणून लक्षात येत नाही. चार्ज करत असताना निकाल देऊ नये. मोबाइल हातभर दूर ठेवावा. जंगलात मनोऱ्याचा संदेश क्षीण असतो, म्हणून मोबाइल अधिक जोराने प्रक्षेपण करतो, आणि जुन्या टू-जी पद्धतीवर तो गेला की हेडफोनमध्ये 'टर्र-टर्र' सुरू होते. पहिल्यांदा हा आवाज आला तेव्हा आम्ही डबी उघडून बसलो होतो.

शक्तीविषयी एक इशारा. डबीत जोर आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. ज्या कानाने पारख करायची तोच आधी बधिर केला, तर पुढच्या सर्व डब्या सारख्याच वाजतील.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्या बाई राहिल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या दोघी-तिघी भेटल्या. या वेळी तपासून घेतलेली डबी होती, लाल दिव्यावर एकाची नजर होती, आणि मुद्रण स्वच्छ उतरले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते त्यांना ऐकवले. आश्रमशाळेत शिकणारा एक मुलगा माडियातून मराठीत सांगत होता. एका बाईंनी हेडफोन लावले, डोळे मिटले, थोडा वेळ ऐकले, आणि हसून हात हलवत काहीतरी म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "त्या म्हणतात, बहीण माझ्या या बाजूला उभी होती, ही त्या बाजूने गाते आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. 'सूं' पाहिले होते, व्होल्ट मोजले होते, ओहमचा हिशेब मांडला होता, चादरीच्या आडून नाणी उडवली होती. पण मध्ये जोडलेल्या वायरीत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले आहे, हे दोन वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही कानाला कळले नव्हते. संध्याकाळी डाकेची कांडी तापवली आणि ती वायर दुरुस्त केली.